गावातल्या लसीकरणाची आणि साथीच्या रोगांची नोंद गावानेच कशी ठेवायची

आपल्या गावात लसीकरण किती झालं असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एक आकडा ऐकायला मिळतो, नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के, आणि तो ऐकून मिटिंग पुढच्या विषयावर जाते. माझं म्हणणं आहे की तिथेच थांबायला पाहिजे. राहिलेली लेकरं कोणाची, कोणत्या वस्तीतली, कोणती सुई राहिली आणि काऊन राहिली हे नावानिशी सांगता येत नसेल तर त्या टक्क्याचा गावाला काही उपयोग नाही, कारण गोवर येतो तेव्हा तो नेमका त्या राहिलेल्या घरांतच शिरतो.

हे सगळं मी विदर्भातल्या गावांमधले ग्रामपंचायतीचे सदस्य, ग्राम आरोग्य-पोषण-पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतले लोक, बचत गटाच्या ताया आणि सुट्टीत गावी येणारी कॉलेजची पोरं-पोरी यांच्यासाठी लिहितोय. सरकारी काम आपण अंगावर घ्यायचं असं नाही. सुई सिस्टरच देणार, निदान डॉक्टरच करणार. आपलं काम दोनच, कोणी सुटलं तर नाही ना ते बघणं आणि गावात काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी कळवणं. त्यासाठी दोन जाड रजिस्टर, एक चार्ट पेपर आणि दारोदार फिरायला तयार असलेली चार माणसं पुरतात. मोबाईलवरची एक्सेल शीट नंतर करा, आधी कागदावर करा, कारण कागद अंगणवाडीत राहतो आणि पोरगं नोकरीला गेलं की त्याचा मोबाईलही त्याच्यासोबत जातो.

सुरुवात आशाताईपासून

आशाताईला बाजूला ठेवून हे काम सुरू केलं तर ते पहिल्या महिन्यातच बिघडतं. तिला वाटणार की हे लोक माझं रजिस्टर तपासायला आले, आणि तसं वाटणं साहजिक आहे, तिच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टर, ॲप आणि वरून येणारे फोन असतात. म्हणून पहिलं वाक्य असंच असू द्या की ताई, तुमचं काम बघायला नाही आलो, तुमच्यासोबत फिरायला आलो. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, आदिवासी भागात त्याहून कमी लोकांमागे, आणि उपकेंद्राची सिस्टर सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे असं गणित आहे, म्हणजे तिच्याकडे चार-पाच गावं असू शकतात. तिला तुमच्या गावातलं प्रत्येक लेकरू नावाने माहीत असेल ही अपेक्षा चूक आहे, गावाला मात्र ते माहीत असायला पाहिजे.

दुसरी भेट अंगणवाडी सेविकेची. तिच्याकडची यादी पोषण आहारामुळे बरीच पक्की असते कारण आहार घ्यायला घरचे लोक स्वतः येतात. तिसरं म्हणजे ग्रामसेवकाकडची जन्म-मृत्यूची नोंद, आणि चौथं झेडपी शाळेचं हजेरीपत्रक. या चार याद्या कधीच एकमेकींशी जुळत नाहीत. न जुळणं वाईट नाही, खरं काम तिथूनच सुरू होतं, जे लेकरू एका यादीत आहे आणि दुसरीत नाही त्याच्या घरी जायचं.

नकाशा काढा आणि टोकापासून फिरा

चार्ट पेपरवर गावाचा हातनकाशा काढा. रस्ते, विहिरी, हातपंप, पाण्याची टाकी, शाळा, अंगणवाडी, आणि प्रत्येक घराला नंबर. नकाशा सुंदर नको, घर सुटायला नको. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ गावठाणाबाहेरच्या वस्त्या, यवतमाळकडे कोलामांचा पोड, वाशीम-पुसदकडे तांडा, पारध्यांचा बेडा, गोंदिया-गडचिरोलीत टोला, मेळघाटात ढाणा. त्याशिवाय वावरातच राहणारे सालदार, वीटभट्टीवरची कुटुंबं, रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांची पालं, संत्र्याच्या बागेत तोडणीला आलेले लोक, मेंढ्या-गाई घेऊन येणारे काठेवाडी. हे लोक गावाच्या लोकसंख्येत नसतात पण गावाचंच पाणी पितात आणि त्यांची लेकरं गावच्याच लेकरांसोबत खेळतात, त्यामुळे त्यांना नकाशात घ्यायचंच. तीन महिन्यांसाठी आले असले तरी घ्यायचं.

फिरायला सुरुवात ग्रामपंचायतीच्या चौकातून करू नका. टोकाच्या वस्तीपासून करा. चौकापासून निघालेली टीम दुपारी दोन वाजता थकते आणि पोड-बेडा उद्यावर जातो, मग तो उद्याचा पुढच्या आठवड्यात जातो. आणि वेळ बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळी सात-आठला वावरात निघून जातात, सोयाबीन सोंगणीत पण तेच, तेव्हा सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीला गेल्याशिवाय घरी कोणी भेटत नाही. आठवडी बाजाराचा दिवस तर पूर्ण सोडूनच द्या.

लेकरांचं रजिस्टर

पहिल्या रजिस्टरमध्ये पाच वर्षांखालचं प्रत्येक लेकरू आणि प्रत्येक गरोदर बाई. एका लेकराला एक ओळ, आणि रकाने असे: घर नंबर, वस्ती, लेकराचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर, कार्ड आहे की नाही, मग एकेका लसीची तारीख, आणि शेवटी शेरा. आईचं नाव वेगळ्या रकान्यात घ्या कारण गावात एका आडनावाची चाळीस घरं असतात आणि लेकराचं नाव सहा महिन्यांनी बदलतं, आधी नुसतं "बाळ" असतं. लसीच्या रकान्यात टिक मारू नका, तारीख लिहा, आणि तीही कार्डावरूनच. आई म्हणाली "हाव, सगळ्या सुया झाल्या" तर शेऱ्यात "आईने सांगितलं, कार्ड नाही" असं लिहायचं आणि सिस्टरच्या रजिस्टरवरून किंवा यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवरून पडताळून घ्यायचं.

आता सगळ्यात जास्त लेकरं कुठे सुटतात ते सांगतो, माहेर आणि सासर यांच्या मध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, लेकरू जन्मतं समजा दुसऱ्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात, जन्माच्या सुया तिथे होतात, दीड महिन्याची कधी माहेरच्या गावात होते कधी नाही, आणि तीन-चार महिन्यांनी आई सासरी येते. माहेरची आशा म्हणते लेकरू गेलं, सासरची आशा म्हणते आमच्याकडे नोंदच नाही. दोन गावांच्या यादीत मिळून ते लेकरू कुठेच नाही. म्हणून गरोदर बायांची यादी करतानाच विचारून ठेवा की बाळंतपणाला कुठे जाणार, कोणत्या गावाला, तिथला फोन कोणता. लेक माहेरी आलेली असेल तर तिचं पण नाव "पाहुणी" म्हणून लिहा. दोन ठिकाणी नोंद झाली तर चालेल, एकाही ठिकाणी नसली तर नाही चालणार.

यादी पूर्ण झाली असं वाटलं की एक साधा हिशोब करून बघा. महाराष्ट्राचा जन्मदर ढोबळमानाने हजारी १५ धरा. गावाची लोकसंख्या १५०० असेल तर वर्षाला २२-२३ जन्म व्हायला पाहिजेत. तुमच्या यादीत एक वर्षाखालची लेकरं १३ च असतील तर एकतर गावातून लोक बाहेर गेलेत किंवा घरं सुटलीत, आणि घरं सुटलीत हे मानूनच पुन्हा एक चक्कर मारा.

कार्ड वाचता आलं पाहिजे

माता-बाल संरक्षण कार्ड हे ज्याच्या हातात आहे त्याला वाचता आलंच पाहिजे, अवघड काही नाही. जन्मल्यावर बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची), पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटीस बी, ही हिपॅटायटीसची सुई जन्मानंतर २४ तासांच्या आत व्हायला पाहिजे. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या तीन भेटी. तिन्ही भेटींत पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबाविरुद्धची), आणि पहिल्या व तिसऱ्या भेटीत त्यासोबत आयपीव्ही म्हणजे पोलिओची सुई आणि न्यूमोनियाची पीसीव्ही. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटीस बी आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा जंतू) या पाच रोगांविरुद्धची एकच सुई. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, १० आणि १६ वर्षांना टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची सुई. जपानी मेंदूज्वराची लस ठराविक जिल्ह्यांतच देतात, तुमच्या जिल्ह्यात आहे का ते सिस्टरला विचारा.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही हे आईबापांना नीट सांगा, खूप लोक "आता टाइम निघून गेला" म्हणून येतच नाहीत. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते, पेंटाचा पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू झाला असेल तर पुढचे पूर्ण करता येतात, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतात. आणि मधे खंड पडला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे.

टक्के कसे काढायचे आणि काय बघायचं

हिशोब तीनच शिका. पहिला, १२ ते २३ महिन्यांची लेकरं घ्या, त्यातल्या किती जणांची बीसीजी, पेंटाचे तिन्ही, पोलिओचे तिन्ही आणि गोवरचा पहिला डोस झालाय ते मोजा. समजा अशी २४ लेकरं आहेत आणि १९ जणांचं सगळं झालंय, तर १९ भागिले २४ गुणिले १००, म्हणजे ७९ टक्के. भागताना खाली तुमच्या घरोघरच्या यादीतला आकडा घ्या, वरून आलेला टार्गेटचा आकडा नको, टार्गेट कमी धरलेलं असेल तर गाव शंभराच्या वर पण जातं आणि लेकरं तशीच राहतात.

दुसरा हिशोब गळतीचा. पेंटा १ झालेली लेकरं वजा पेंटा ३ झालेली, भागिले पेंटा १ झालेली, गुणिले १००. पेंटा १ झालेली २२ आणि पेंटा ३ झालेली १८ असतील तर गळती १८ टक्के. दहाच्या वर गेली की समजायचं लोक एकदा येतात आणि परत येत नाहीत, म्हणजे पोहोच आहे पण कुठेतरी मन खट्टू झालंय, नाहीतर दिवस-वेळ जुळत नाहीये. ज्याचा पेंटाचा पहिलाही डोस नाही ते झिरो डोस लेकरू, त्याचं नाव लाल पेनाने लिहा आणि त्या घरी सगळ्यात आधी जा.

तिसरा हिशोब वस्तीनिहाय, आणि माझ्या मते हाच खरा आहे. गोवर रोखायला दोन्ही डोसचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर पाहिजे असं धरतात. समजा पूर्ण गावाचं प्रमाण ९० टक्के आहे, पण राहिलेली सगळी सहा लेकरं एकाच बेड्यावरची आहेत, मग त्या बेड्याचं प्रमाण कदाचित शून्य असेल. नकाशावर झालेल्या लेकरांच्या घरावर हिरवा ठिपका आणि राहिलेल्यांच्या घरावर लाल ठिपका लावा. लाल ठिपके विखुरलेले असतील तर घरोघरी समजूत घालायची, एका जागी गोळा झालेले असतील तर सिस्टरला विनंती करून लसीकरणाचं सेशनच त्या वस्तीत न्यायचं. चार्टवरचे ठिपके दाखवून बोललं की मेडिकल ऑफिसर पण लवकर ऐकतात, नुसतं "साहेब आमच्याकडे लक्ष द्या" म्हटल्याने काही होत नाही.

राहिलेल्या घरी काय बोलायचं

कारण विचारताना जाब विचारल्यासारखं करू नका. बहुतेक घरात नकार आईचा नसतोच, सासूचा असतो, म्हणून सासू घरी असताना जा. आजी म्हणते, "मागच्या टायमाले सुई लावली अन् लेकरू दोन रात्र झोपलं नाई, मांडी लाल झाली, आता नाई लावत आमी." यावर "काही होत नाही आजी" असं म्हणणं म्हणजे तिच्या दोन रात्रींना खोटं म्हणणं. त्यापेक्षा खरं सांगा, "आजी, पेंटानं ताप येतेच बऱ्याच लेकराइले, एक-दोन दिवस राह्यते. सिस्टर तापाचं औषध देते, ते किती अन् कवा पाजाचं ते या टायमाले तुमीच विचारून घ्या, सुईच्या जागी काई चोळाचं नाई, लेप लावाचा नाई. अन् तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाई तर मले बोलवा, मी येतो संग." शेवटचं वाक्य तेव्हाच बोला जेव्हा खरंच जाणार असाल. सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं हे पण सांगा, आणि लेकराला झटका, धाप, अंगभर गांधी असं काही झालं तर लगेच सिस्टरला फोन. असा त्रास लपवला तर पुढची दहा घरं हातातून जातात.

कधी कारण आपल्याच बाजूचं असतं. गोवर-रुबेलाची बाटली उघडली की चार तासांत वापरावी लागते, त्यामुळे एकच लेकरू आलं तर "पुढच्या महिन्यात या" असं सांगितलं जातं. पण नियम असा आहे की एका लेकरासाठी सुद्धा बाटली उघडायची. लस वाया गेली तरी चालते, लेकरू परत पाठवायचं नसतं. हे समितीच्या लोकांनी सिस्टरशी शांतपणे बोलून घ्यावं, आणि सेशनच्या आदल्या संध्याकाळी ड्यू लिस्टमधल्या (सुई द्यायची बाकी असलेल्यांच्या यादीतल्या) प्रत्येक घरी निरोप द्यावा म्हणजे लेकरं एकदमच येतील आणि प्रश्नच उरणार नाही. निरोप व्हॉट्सॲपवर नको, तोंडी द्या.

स्थलांतराचं वेगळं धरा. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात आणि होळीला परत येतात. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. जाण्याआधी कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून द्या, कुठे चालले ते लिहून ठेवा आणि सांगा की जिथे जाल तिथल्या सरकारी केंद्रात हे कार्ड दाखवून फुकट सुई मिळते, ते आपल्या राज्याचं असो नाहीतर दुसऱ्या. आणि होळीच्या आठवड्यात एक जादा सेशन सिस्टरकडून आधीच मागून घ्या, तेव्हा सगळं गाव घरी असतं, अशी वेळ वर्षात पुन्हा नाही.

दुसरं रजिस्टर, आजारांचं

इथे आपण रोगाचं नाव लिहायचं नाही, लक्षण लिहायचं. ताप, ताप आणि अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे, दोन आठवड्यांच्या वरचा खोकला, हातापायातली ताकद गेली, एवढंच. सरकारची रोग सर्वेक्षणाची यंत्रणा, २००४ मध्ये सुरू झालेली आयडीएसपी, आता आयएचआयपी पोर्टलवर चालते, तिथे पण खालच्या पातळीवर सिस्टर लक्षणंच भरते, डॉक्टर संशयित निदान भरतात आणि लॅब पक्कं निदान भरते. आपलं रजिस्टर या साखळीच्या अलीकडचं आहे, सिस्टरपर्यंत जे पोहोचतच नाही ते पोहोचवायचं.

आणि बरंच काही पोहोचत नाही, कारण माणूस आजारी पडला की आधी मेडिकलवर जातो, मग गावातल्या खाजगी डॉक्टरकडे सलाईन लावायला, कुठे भूमकाकडे म्हणजे आदिवासी वैदूकडे, कुठे पुजाऱ्याकडे. म्हणून गावात आठ-दहा "कान" ठरवा. मेडिकलवाला, किराणावाला, शाळेचे गुरुजी, अंगणवाडी ताई, पाणी सोडणारा भाऊ, पोलीस पाटील, सुईण, भूमका किंवा पुजारी, ऑटोवाला, आणि प्रत्येक दूरच्या वस्तीतली एक बाई. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी प्रत्येकाला एकच प्रश्न, या आठवड्यात नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं का? गुरुजींना विचारा की चौथीच्या वर्गातली पाच पोरं एकदम का नाही आली, मेडिकलवाल्याला विचारा की तापाच्या आणि जुलाबाच्या गोळ्या अचानक जास्त खपल्या का. पुरळाबद्दल विचारताना "गोवर आहे का" असं विचारलं तर लोक नाही म्हणतील, "कोणाच्या घरी माता आली का" असं विचारा. भूमकाला, पुजाऱ्याला सन्मानाने सोबत घ्या, त्याच्याकडे जाणाऱ्या लेकराची बातमी त्याच्याइतकी लवकर कोणालाच नसते. आणि काहीच नसेल तरी रजिस्टरमध्ये तारीख टाकून "काही नाही" लिहा, कोरं पान बघून विचारलंच नाही की खरंच काही नव्हतं ते नंतर कळत नाही.

कशासाठी थांबायचं नाही

काही गोष्टींत एक रुग्ण पुरे, दुसऱ्याची वाट बघायची नाही. १५ वर्षांखालच्या लेकराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर त्याच दिवशी कळवायचं. भारताला पोलिओमुक्त हे प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला मिळालं तरी ही नजर सुरूच आहे, आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात, म्हणून आपण आठ दिवस उशीर केला तर अर्धा वेळ तिथेच गेला. तसंच ताप आणि पुरळ, घशात राखाडी पांढरा पडदा आणि मान सुजलेली, पाण्यासारख्या जुलाबाने मोठं माणूस गळून जाणं, आणि लेकराला अचानक मोठा ताप येऊन काही तासांत झटके येणं. हे शेवटचं आपल्या भागात खास लक्षात ठेवा, चंडीपुरा विषाणू १९६५ मध्ये पहिल्यांदा सापडला तो नागपूर भागातल्या तापाच्या रुग्णांतच, त्याचं नावही इथल्याच गावावरून आहे, आणि तो पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. अशा लेकराला घरी ठेवून बघायचं नाही, १०८ ला फोन.

बाकी लक्षणांसाठी मी हा साधा नियम वापरायला सांगतो, एका वस्तीत एका आठवड्यात सारख्या तक्रारीची तीन माणसं, किंवा एकाच घरातली दोन, की सिस्टरला किंवा सीएचओला (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) फोन. त्यांनी नाही उचलला तर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथेही नाही तर तालुका आरोग्य अधिकारी. फोन केल्यावर तारीख, वेळ आणि कोण बोललं ते रजिस्टरमध्ये लिहा. हे नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवूनच टाका.

फोनवर काय सांगायचं ते आधी ठरवा, नाहीतर "साहेब गावात साथ आली" यावर कोणीच गाडी काढत नाही. असं सांगा: अमुक गाव, अमुक वस्ती, सोमवारपासून, जुलाब-उलटी, आजपर्यंत नऊ जण, त्यात तीन लेकरं, एक म्हातारी बाई अंथरुणाला खिळली आहे, आठ जण एकाच हातपंपाचं पाणी पितात.

साथ लागली तर रुग्णांची यादी

ती शेवटची ओळ कुठून आली? यादीतून. आजार दिसला की प्रत्येक रुग्णाची एक ओळ: घर नंबर, वय, स्त्री-पुरुष, कोणत्या तारखेला सुरू झालं, काय काय होतंय, पाणी कुठलं, गेल्या काही दिवसांत कुठे गेला होता, कुठे जेवला, लस झालीय का, आता कसा आहे. सगळ्यात महत्त्वाची सुरू झाल्याची तारीख, तपासल्याची नाही. मग हीच नावं नकाशावर ठिपक्यांनी लावा. समजा सोमवारी दोन, मंगळवारी पाच, बुधवारी दोन असे नऊ ठिपके पडले आणि आठ जण पाटलाच्या विहिरीच्या खालच्या हातपंपावरचे निघाले, नववा वरच्या गल्लीतला आहे. त्या नवव्याच्या घरी जा, तो बहुतेक वेळा सांगतो की हाव, मी रविवारी तिकडे तेरवीच्या जेवणाला गेलतो. मग प्रश्न असा होतो की पंप की जेवण, आणि तेरवीला न गेलेले पण पंपावरचं पाणी पिणारे आजारी आहेत का हे बघितलं की उत्तर पण यादीतच मिळतं.

मागे किती दिवसांचं विचारायचं ते रोगावर आहे. कॉलरासारख्या जुलाबात काही तास ते पाच दिवस, डेंग्यूत चार ते दहा दिवस, गोवरात पुरळ यायच्या साधारण दोन आठवडे आधी, काविळीत मात्र दोन ते सहा आठवडे, म्हणजे कालचं पाणी तपासून काविळीचं कारण मिळेलच असं नाही. गोवराचं लेकरू पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत दुसऱ्याला देऊ शकतं, तेवढे दिवस त्या लेकराची शाळा-अंगणवाडी बंद ठेवा आणि त्या वस्तीतल्या राहिलेल्या लेकरांची नावं पहिल्या रजिस्टरमधून काढून सिस्टरच्या हातात द्या. दोन रजिस्टर शेजारी ठेवायची ती याचसाठी.

पाण्याचं थोडं. २०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला दूषित विहिरीच्या पाण्याने माणसं दगावली. पहिल्या पावसात विहिरीत वाहून येणारं पाणी हा आपल्याकडे दरवर्षीचा धोका आहे. टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकलं का हे विचारून समाधान मानू नका, ओटी टेस्ट करा, आणि ती टाकीजवळ नाही तर शेवटच्या घराच्या नळाला. पाण्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. शेवटच्या नळालाही किमान ०.२ पीपीएम क्लोरीन राहायला पाहिजे. तारीख, जागा, रंग आला-नाही आला, हे पण आजारांच्या रजिस्टरमध्येच लिहा. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं, लाल कार्ड कोणतं आहे ते ग्रामसभेत विचारा. आणि जुलाब लागला की ओआरएस ताबडतोब, लेकराला झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या भागाचं

उन्हाळ्यात कूलर. विदर्भात मच्छर पावसाळ्यातच होतात असं नाही, मार्चपासून कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास आरामात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी, रांजण, कूलर कोरडे. शाळेच्या पोरांना घेऊन शंभर घरं बघा, किती घरांत अळ्या सापडल्या ते मोजा, तो झाला घरांचा निर्देशांक, दर पंधरवड्याला लिहिलं तर वाढतोय की कमी होतोय ते स्पष्ट दिसतं. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरीन घेऊ देऊ नका. पावसाळ्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात ताप म्हणजे आधी मलेरियाची टेस्ट, आशाताईकडे किट असतं, आणि फॅल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियात एक दिवस पण महाग पडतो. पोळ्याच्या आसपास गवत वाढलेलं असतं तेव्हा स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), २०१८ मध्ये नागपूर भागात तो बराच आला होता. ताप उतरत नसेल तर काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली आहे का बघा आणि डॉक्टरांना "वावरात गवत कापत होतो" हे आवर्जून सांगा, लवकर ओळखलं तर औषध सोपं आहे. कुष्ठरोग आणि क्षयरोगाला मात्र हंगाम नाही, सुन्न डाग आणि दोन आठवड्यांचा खोकला वर्षभर विचारत राहायचं.

या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट कडक पाळा. नाव रजिस्टरमध्ये पण लिहायचं नाही, थेट सिस्टरला सांगायचं. कुठल्याच रुग्णाचं नाव गावाच्या ग्रुपवर टाकायचं नाही, फोटो तर मुळीच नाही, ग्रामसभेत आकडे सांगायचे, नावं नाही. नकाशावरचे रुग्णांचे ठिपके काम झालं की काढून टाका. एकदा एखाद्या घराची बदनामी झाली की पुढचं घर आजार लपवतं आणि मग तुमचं सगळं रजिस्टर कोरडं पडतं.

हे चालू कसं ठेवायचं

महिन्यातून एकदा, आरोग्य-पोषण दिवसाच्या तीन-चार दिवस आधी, समितीने अर्धा तास बसायचं. लाल पेनातली नावं वाचायची, प्रत्येक नावापुढे कोण जाणार ते लिहायचं, मागच्या महिन्यात ज्यांनी जायचं होतं ते गेले का ते विचारायचं, ओटी टेस्टचं पान बघायचं, बस्स. समितीला वर्षाला मिळणाऱ्या निधीतून ओटीचं औषध, चार्ट पेपर, पालावरच्या बाईला सेशनपर्यंत आणायला ऑटोचं भाडं असं भागवता येतं, ठराव घेऊन करा. रजिस्टर अंगणवाडीत कुलपात, दर तीन महिन्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढून दोन माणसांच्या मोबाईलवर. आणि लेकरू पाच वर्षांचं झालं की त्याचं नाव खोडू नका, "शाळेत गेलं" असं लिहून गुरुजींच्या यादीत टाका, कारण डीपीटीचा दुसरा बूस्टर आणि पुढे दहाव्या-सोळाव्या वर्षाची टीडी याच वयात सगळ्यात जास्त विसरली जाते.